अपेंडिक्सचा उपयोग

१९७८ साली माझं अपेंडिक्स काढलं, तेव्हा आमच्या ह्यांना केवढं कौतुक. हे नाशिक रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि उत्क्रांतीच्या धड्यातला अवयव ह्यांना घरातच सापडला होता. भेटायला येईल त्याला हे माझ्या खाटेशेजारी उभे राहून समजावत. आपले पूर्वज झाडपाला खायचे, तो पचवायला ही पिशवी मोठी होती. पुढे खाणं बदललं, पिशवी आक्रसली, आता नुसतं शेपूट उरलंय. उपयोग शून्य.

डॉक्टर जरा सावध होते. "रोगाशी लढायला ते मदत करतं, असं काही जण म्हणतात. अजून नक्की कळलेलं नाही," ते म्हणाले. ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मी डोळे मिटून पडले होते. मला त्याचा उपयोग चांगलाच कळला होता. लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी मी कधी आडवी झाले नव्हते. पहाटे नळाचं पाणी, मग डबे, सासूबाईंचं पथ्य, मुलांच्या शाळा, आणि त्र्यंबकेश्वरला निघालेलं गावचं प्रत्येक माणूस मुक्कामाला आमच्याकडे. अंगात ताप असला तरी गोळी घेऊन पोळ्या लाटायच्या. पोटाला टाके पडले तेव्हा कुठे सगळे एका सुरात म्हणाले, उठू नकोस. महिनाभर वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनीही बजावलं. पोट ठणकत होतं, पण मी सुखात होते, खोटं कशाला बोलू.

घर सांभाळायला नामपूरहून माझी थोरली जाऊ आली, धोंडाबाई. मी तिला अक्का म्हणायचे. काढणीला आलेला कांदा टाकून ती आली, आणि आल्या आल्या पदर खोचून कामाला लागली. मी खाटेवरून सांगत राहिले, भाजीत मीठ कमी घाला, पाहुण्यांच्या चादरी वेगळ्या ठेवा. ती हूं म्हणायची. ती कधी निजते, कधी जेवते, हे बघावं असं मला सुचलंच नाही.

महिना झाला. तिची पिशवी भरून झाली, हे रिक्षा आणायला गेले, तेव्हा ती माझ्या खाटेच्या कडेला टेकली. इतक्या दिवसांत तिला अशी बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. तिचे पाय सुजलेले होते.

"घर गई का कांदा, ढोरं, समदं मनीच वाट दखी राहिनं," ती तिच्या अहिराणीत म्हणाली. मग पाय चोळत, "लता, ते आपेंडिस मना पोटमा बी शे ना वं?"

"सगळ्यांच्याच पोटात असतं, अक्का. पण घाबरू नका, सगळ्यांचं काही दुखत नाही."

ती घाबरली नव्हती. तिने एकदा सासूबाईंच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुले नेमकं कोठे दुखे, तेवढं दाखाड."

बाहेर रिक्षा थांबली. ह्यांची हाक आली. मी तिचा खरखरीत हात धरला, तिच्या बेंबीच्या उजव्या अंगाला, जरा खाली नेला.

"इथं," मी म्हणाले. "डॉक्टर दाबतील. दाबून हात काढला की जास्त दुखतं, असं सांगायचं."