उत्तर उतारावरची घळ

ऊर्पो कास्केलाने नकाशात एक घळ काढली होती आणि ती जंगलात नव्हती. हे कळलं ते सरावाच्या दिवशी. क्लबची सगळ्यात वेगवान धावपटू ऊना, हाउका टेकडीच्या उत्तर उतारावर तिला अकरा मिनिटं शोधत राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत आली आणि म्हणाली, "घळ बहुतेक सुट्टीवर गेलीय." सगळे हसले. ऊर्पोही हसला, उजवा हात खिशात ठेवून.

तो हात हिवाळ्यापासून थरथरत होता. आधी कॉफीच्या कपाला कळलं, मग पेनाला. माणसांपैकी अजून कोणाला नाही. एकतीस वर्षं तो फिनलंडमधल्या युवास्कुलाच्या आसपासची जंगलं पायांनी मोजत आला होता. दगड, डबकी, खड्डे, एकही सुटत नसे. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातून धावणाऱ्या मंडळींत कास्केलाचा नकाशा म्हणजे शपथेवरची साक्ष. सप्टेंबरच्या स्पर्धेचा नकाशा तीन आठवड्यांत छपाईला जायचा होता. हाताचं कळलं की काम जाणार, आणि त्या कामाखेरीज ऊर्पोकडे एक सौना आणि रेडिओ एवढंच होतं.

"नकाशे काढायचा टॅब्लेट जुना झालाय," तो बैठकीत म्हणाला. "रेषा उडवतो."

कोणी काही विचारलं नाही. या क्लबात तब्येतीवर आजवर झालेलं सगळं बोलणं गुडघ्यांपुरतं होतं. फक्त अध्यक्ष इर्या, जी शाळेत त्याच्या शेजारच्या बाकावर बसायची, तिने गोड पावाचा तुकडा कॉफीत बुडवत म्हटलं, "शनिवारी मी येते दुकानात. तुला एकट्याला सोडलं तर पुन्हा स्वस्तातलंच काहीतरी उचलशील."

दुकान तिसऱ्या मजल्यावर होतं. विक्रेती तिया हिच्या मानेवर अस्वल गोंदलेलं होतं आणि तिला टॅब्लेटविषयी मनापासून बोलायचं होतं, ही फिनलंडमध्ये जरा संकोचाचीच गोष्ट. तिने तीन यंत्रं मांडली. पहिल्याला पडदा नव्हता. हात टेबलावर, डोळे समोरच्या मॉनिटरवर.

"काढून बघा ना काहीतरी."

ऊर्पोने हाउका टेकडीची एक उंचीरेषा काढली. ती भूकंपमापकाने काढल्यासारखी आली.

"टेबल हलतंय वाटतं," तिया सौजन्याने म्हणाली.

"खालून ट्रक गेला असेल," ऊर्पो म्हणाला.

इर्या खिडकीबाहेर बघत राहिली. खाली फक्त पादचाऱ्यांचा रस्ता होता.

दुसऱ्या यंत्रावरही ट्रक गेला. तिसरं मात्र महागातलं, पडद्यावरच रेखाटायचं. तियाने कोपऱ्यातली एक पट्टी सरकवली. "यात रेषा सावरायची सोय आहे. दहावर ठेवते. आता बघा."

ऊर्पोने पेन टेकवलं. रेषा लोण्यावरून सुरी फिरावी तशी निघाली. त्याने आणखी एक ओढली, मग तिसरी. हिवाळ्यापासून पहिल्यांदाच त्याला आपला हात आपल्या ओळखीचा वाटला. 

"हाच," तो म्हणाला. "बांधून द्या."

"थांब," इर्या म्हणाली. "उत्तर उतार काढ की."

त्याने तो पाठ असल्यासारखा काढला. पायथ्याला एक बारीक सोंड पुढे आलेली आहे, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी. अर्ध्या स्पर्धा तिथेच जिंकल्या-हरल्या जातात. पडद्यावर तिथे गुळगुळीत वळण होतं. त्याने पुन्हा काढलं, पेन दाबून. सोंड पुन्हा गायब.

"पाचवर करा," तो म्हणाला.

तियाने केलं. आता सोंड आली. तिच्याबरोबर आणखी दोन सोंडा आणि एक घळ आली.

 मग इर्याने वाकून विचारलं, "यातली खरी कुठली?"

ऊर्पोने डाव्या हाताचं बोट ठेवलं. क्षणाचाही विचार न करता.

"हा नकाशा घेऊन त्या उतारावर उभी राहिले असते तरी मला सांगता आलं नसतं," इर्या म्हणाली. "आणि धावत्या ऊनाला तर नाहीच."

"ट्रक नव्हता," ऊर्पो म्हणाला.

"तिसऱ्या मजल्यावर क्वचितच येतात."

तिया अचानक चार्जरच्या तारा गुंडाळू लागली. ऊर्पोने पेन इर्यापुढे धरलं. पेनाचं टोक हलत होतं आणि या वेळी त्याने हात मागे घेतला नाही.

"मला चौकोनसुद्धा धड येत नाही रे."

"माहितीये. चित्रकलेच्या तासाला मी शेजारीच होतो."

इर्याने पट्टी शून्यावर नेली आणि पेन टेकवलं. रेषा ओबडधोबड आली, पण स्थिर. "पुढे. थोडं खाली. आता बाहेर... नाही, एवढं नाही. तिथे मुंग्यांचं वारूळ आहे, त्याच्या अलीकडे," ऊर्पो सांगत होता. सोंड उमटली. कुरूप होती, पण जागेवर होती.

तिसऱ्या टॅब्लेटच्या बिलावर इर्याने क्लबतर्फे सही केली. जिना उतरताना ती म्हणाली, "कोपऱ्यात काय लिहायचं?"

नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एकतीस वर्षं एकच नाव होतं. ऊर्पो दोन पायऱ्या उतरला.

"पाहणी, कास्केला. रेखाटन, तुझं," तो म्हणाला. मग आणखी एक पायरी. "ऊनाला घळीचं मीच सांगतो."

"काय सांगशील?"

 त्याने उजव्या हाताने कठडा धरला, आणि कठडा बारीक वाजू लागला.