कोठारातलं भस्म

"रांगेत या, रांगेत! भगवती काही पळून जात नाही!" देवस्थान समितीचा अध्यक्ष अच्युतन घसा फोडून ओरडत होता. अख्खं गाव देवळामागच्या तोफांच्या दारूच्या कोठाराशी लोटलं होतं. पावसाळाभर बंद असलेलं दार उघडलं, तर उत्सवातल्या उखळ्यांसाठी, म्हणजे छोट्या तोफांसाठी, साठवलेल्या दारूवर पांढरंशुभ्र भस्म फुललेलं!

देवळातल्या पुष्करस्वामींनी चिमूटभर भस्म निखाऱ्यांवर टाकलं. फुस्सकन जांभळट ज्योत उठली.

"पाहिलंत? आईचा श्वास! काळ्यातून पांढरं, पांढऱ्यातून ज्योत, ज्योतीतून मुक्ती!"

मुक्तीला वेळ होता, म्हणून तोवर एकेक पुडी वाटली. लोकांनी ती तिथंच जिभेवर टाकली.

मी केरळातल्या या गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. शेजारी कोरप्पन उभे होते. चाळीस वर्षं देवीच्या उत्सवात उखळ्या उडवणारे, म्हणून सगळे त्यांना आशान, म्हणजे गुरुजी म्हणत. ते रांगेत नव्हते.

"आशान, काय हे?"

"काय असायचंय, टीचर? कौलं शाकारून घे म्हणून मे महिन्यातच सांगितलं होतं अच्युतनला. पाणी गळलं, दारू मेली. आता तळ्यात बुडवायची, संपलं."

अच्युतननं ते ऐकलं. उत्सव बारा दिवसांवर, नव्या दारूचा परवाना तोवर मिळणं अशक्य. दारू भिजली म्हटलं तर दोष त्याचा. देवी प्रकटली म्हटलं तर दोष कुणाचाच नाही. संध्याकाळपर्यंत स्वामींचा आदेश निघाला: ढेकळं फोडा, उन्हात वाळवा, भस्म परत मिसळा, दारू जिवंत होईल.

दुसऱ्या दिवशी मी आशानांकडून एक ढेकूळ आणलं आणि देवळाच्या मंडपात सगळ्यांसमोर गरम पाण्यात विरघळवलं. फडक्यातून गाळलं. काळं फडक्यात राहिलं. निवळ पाणी ताटात ओतून उन्हात ठेवलं. दुपारपर्यंत ताटात पांढऱ्या सुया उगवल्या. त्या निखाऱ्यावर टाकल्या. तीच जांभळट ज्योत.

"हा सोरा," मी म्हणाले. "दारूत कोळसा, गंधक आणि सोरा असतो. ओल लागली की सोरा विरघळून वर येतो. हे खाऊ नका. आणि ती दारू वाळवली तरी पहिल्यासारखी होत नाही; कुठे नुसता कोळसा, कुठे नुसता सोरा. पण फोडणाऱ्याचा जीव घ्यायला तेवढीही पुरते."

जिंकले, असं क्षणभर वाटलं मला. मग स्वामी उठले आणि माझ्या ताटाला हात जोडून म्हणाले, "आई टीचरच्या ताटातही आली!"

लोक धावले. माझं ताट चाटूनपुसून साफ झालं.

मी थेट आशानांच्या घरी गेले. त्यांची बायको चिरुता दारात टॅपिओका सोलत होती.

"आशान, ढेकळं फोडायला नाही म्हणून सांगा."

"सांगितलं. तर अच्युतन म्हणे, मग तुझ्या हाताखालच्या चेंबनला बसवतो. त्याला लाकडी मोगरी आणि लोखंडी हातोडा सारखाच. लोखंडाची ठिणगी पडली की मरेल तो. माझा हात निदान हलका आहे."

"मग मी पोलिसांत जाते."

"जाऊन या," ते हसले. "तिथल्या साहेबाच्या खिशात पुडी आहे. मी पाहिली."

मी गेले. साहेबांनी मला चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात फळ्यावर लिहीत होते. खिडक्या थरथरल्या. मुलं आनंदानं ओरडली, "उखळी!" मी खडू टाकून देवळाकडे धावले.

आशानांच्या हातातली मोगरी लाकडीच होती. ढेकळात कुठे खडा अडकून ठिणगी पडली, कोण जाणे. आशान दोन दिवस जगले. ते गेल्यावर स्वामींनी निकाल दिला, "हाताला श्रद्धा नव्हती." उत्सव झाला. उखळ्या शेजारच्या गावातून आणल्या.

महिन्यानं चिरुता भेटली. मी पुन्हा तेच सांगू लागले, सोरा, ओल, कौलं. तिनं मला थांबवलं.

"तुमचं खरं असेल, टीचर. पण ते खरं मानलं, तर ह्यांना मारणारी माणसं मला रोज रस्त्यात भेटतील. देवीनं नेलं म्हटलं की निदान पाणी भरायला तरी जाता येतं."

मी तिला ते पुन्हा कधी सांगितलं नाही.

तरी तुमच्याकडे एक मागणं आहे. कुणी चमत्कार सांगितला तर त्याला विचारा, "हे काम तुम्ही स्वतःच्या हातानं कराल का?" आणि त्यानं दुसऱ्याचा हात पुढे केला, तर तो हात धरून मागे ओढा. माझ्या गावात ते कुणी केलं नाही. मीसुद्धा चहा पिऊन परत आले.