मागची भिंत

माझ्या नवऱ्यानं, मारोतीनं, पहिला घण घातला तो माझ्या शिलाई मशीनवर. मशीन तीन तुकडे होऊन कॉटखाली गेलं. मनात म्हटलं, चला, आज पाठीला सुट्टी दिसते.

सुट्टी नव्हतीच. दुसऱ्या हातानं त्यानं माझा अंबाडा धरला आणि तोंड मोरीच्या कट्ट्यावर आपटलं. खालचा दात जिभेवर आला.

"कागद काढ, वहिनी," धाकटा दीर सदू म्हणाला. दाराला कडी घालून तो तिथंच उभा होता. मला मार पडताना 'वहिनी' म्हणायला तो कधी विसरला नाही. संस्कार!

"कागद घरात नाही," मी दात थुंकून म्हटलं.

हे खरं होतं. खरं बोललं की घरातल्या माणसाला पटत नाही, हा आमचा जुना अनुभव.

नेरूळला शिरवणे गावाच्या अंगाला आमचं बैठं घर, एक खोली आणि मोरी. मी ठाण्याच्या सरकारी कचेरीत शिपाई, म्हणून ते वाटप झालं माझ्या नावावर. पावणे गावातला कारखाना बंद पडल्यापासून आठ महिने हे दोघं भाऊ घरीच होते. गेल्या आठवड्यात त्यांनी मला न विचारता घर विकायला काढलं आणि इसार घेऊन पिऊनही टाकला. घेणारा सोमवारी मूळ वाटपपत्र बघणार होता. ते मिळालं की माझा अंगठा कसाही घेता येईल, अशी त्यांची समजूत. मी सही करते हे मारोतीच्या अजून लक्षात आलेलं नव्हतं. वर्षभर रद्दीतल्या पेपरावरून मी गुपचूप अक्षरं गिरवत होते.

दोघांनी गादी फाडली. तांदळाचा डबा ओतला. ट्रंकेचं झाकण बिजागरीसकट उपटलं आणि माझं लग्नातलं लुगडं सदूच्या चपलेखाली आलं. मी उठले तशी मारोतीनं पोटात लाथ घातली. पलीकडून विमलबाई भिंत बडवून ओरडली, "अरे मेल्यांनो, मरेल ती! पोलीस बोलावते!"

"बोलाव! माझी बायको हाय!" मारोती ओरडला.

तेवढ्यात सदूचं लक्ष मागच्या भिंतीकडं गेलं. तिथं खिडकीखाली ताजं सिमेंट दिसत होतं. भेगेतून पाणी यायचं म्हणून मीच हातानं लिंपलं होतं.

"दादा, आयनं तोडे कुटं ठेवले व्हते?"

मारोती भिंतीकडं वळला. आमच्या जालन्याकडं बाया मौल्यवान वस्तू गाडग्यात घालतात, गाडगं भिंतीत बसवतात आणि वरून सारवतात. सासूचे तोडे असेच तिच्या तेराव्यानंतर निघाले होते. मारोतीनं घणाच्या दांड्यानं सिमेंटवर ठोकलं. ठक्क.

"पोकळ हाय रे!"

ती भिंत पोकळ ब्लॉकची. सगळ्या वसाहतीत कुठंही ठोका, तसंच वाजतं. गावची दगडमातीची भिंत माहीत असलेल्या माणसाला ते काय कळणार? मी सांगणार होते, खरंच. पण तोंडात रक्त भरलं होतं.

पहिला ब्लॉक फुटला. आत काही नव्हतं. त्यानं शेजारचा ठोकला. तोही पोकळ! दोघांच्या डोळ्यांत काय आशा होती! लग्नाच्या रात्रीसुद्धा मारोतीनं माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. तो घण घालत गेला, सदू हातानं तुकडे उपसत गेला. बोटं सोलली तरी थांबेना.

"दादा, वरची खिडकी हाललीय."

"हालू दे!"

खिडकीवरची पट्टी कडाडली. सदूनं भोकातून बाहेर उडी मारली आणि मागं न बघता जुईनगरच्या दिशेनं पळाला. मारोतीला ते जमलं नाही. चार ब्लॉक आणि ती सिमेंटची पट्टी त्याच्या उजव्या हातावर बसली. तो असा किंचाळला की विमलबाईचं भिंत बडवणं थांबलं.

घण माझ्या पायाशी येऊन पडला होता. मी उचलला. वीस वर्षं हा माणूस माझ्या अंगावर हात टाकत होता, आणि तोच हात आता माझ्यासमोर ब्लॉकखाली पसरला होता.

"गिरजे," तो म्हणाला.

मी घण मारला. त्याच्या कानापासून वीतभर लांब, फरशीवर. फरशी फुटून एक कपची त्याच्या गालात घुसली. त्यानं डोळे मिटले. लेकरासारखे, घट्ट.

"ऐक. दुरुस्तीसाठी सरकारी कर्ज काढलंय मी. परवाच घर गहाण टाकलं, राज्यपालांच्या नावानं. कर्ज फिटेपर्यंत पंधरा वर्षं कुणाला विकता येत नाही. कागद त्यांच्याकडं आहे. घण घेऊन तिकडं जा."

"राज... कोन?"

"तुझ्यापेक्षा मोठा माणूस."

मग मी पहारीनं पट्टी उचलली. विमलबाई भगदाडातून आत आली आणि तिनं त्याला ओढला. त्याची तीन बोटं कामातून गेली होती. माझ्या फाटलेल्या लुगड्याचीच चिंधी मी त्याच्या हाताला बांधली. का, ते विचारू नका.

त्याच सकाळी दहाला कचेरीचे इंजिनिअर दिनानाथ साहेब मोजमापाला आले. त्यांनी भगदाड बघितलं, माझं तोंड बघितलं, चष्मा पुसला.

"बाई, कुणी केलं हे?"

"नवऱ्यानं."

ते मग अंदाजपत्रकातली पहिली ओळ दाखवून म्हणाले, "जुनी भिंत उतरवणे, तीनशे चाळीस रुपये. हे आता धरता येणार नाही."

"नका धरू. फुकटात झालं."

पोलिसात कळवू का, असंही त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, मीच जाईन. आणि संध्याकाळी गेले. अर्ज माझ्या अक्षरात लिहिला, खाली सही केली.

निघताना साहेबांनी नव्या पायासाठी चुन्याची रेघ मारली आणि बाहेर बसलेल्या मारोतीला दरडावलं, "याच्या आत सरकारचं तारण आहे. समजलं?"

गवंडी यायला चार दिवस लागले. चार दिवस घराला मागची भिंत नव्हती. तरी मी रोज पुढच्या दाराला आतून कडी लावायची. मारोती मागं, रेघेच्या पलीकडं, हात गळ्यात बांधून बसलेला असायचा. एक पाऊल टाकलं असतं तर आत आला असता. त्यानं टाकलं नाही. भूक लागली की उठायचा, वळसा घालून पुढं यायचा आणि डाव्या हातानं कडी वाजवायचा.

भाकरी मी पुढच्या खिडकीतून द्यायची. कडी काढली नाही.