मोजून दिलेली

सोफ्यांना कापड चढवणाऱ्या त्या कारागिराला सगळे उस्तादच म्हणत. तोंडात खिळे धरून ते गिऱ्हाइकाशी घासाघीस करायचे, आणि तरी शब्द न् शब्द समजायचा.

हृदय कमजोर झालंय हे कळलं, तशी उस्तादांनी तंबाखू सोडली, मीठ तोडलं, जड सोफे उचलणं बंद केलं. दारूचं मात्र त्यांनी डॉक्टरबाईंना सरळ विचारलं.

"अजिबात न घेतलीत तर उत्तम," बाई म्हणाल्या. "पण चोरून प्याल, त्यापेक्षा सांगते. आठवड्यातून एकदा, एक लहान पेग, जेवणासोबत. धडधडलं, पाय सुजले, की तोही बंद." मग त्यांच्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "मोजायचं काम तुमचं."

तिनं ते अंगावर घेतलं. दर रविवारी खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं ती मोजायची. "सरकारी रेशन आलं," म्हणत उस्ताद ग्लास घ्यायचे आणि एवढीशी दारू जेवण संपेपर्यंत पुरवायचे. एरवी घरात अबोल माणूस, पण तेव्हा घडाघडा बोलायचा. कुणाच्या सोफ्यात काय सापडलं, कोण कसं फसवायला बघत होतं. खरं तर रविवारच्या त्या संध्याकाळची ती स्वतःच वाट बघू लागली होती.

अशाच एका रविवारी मुलीला नोकरी लागल्याचा फोन आला. उस्ताद हरखून गेले. रिकामा ग्लास त्यांनी पुढे केला.

"आज अजून थोडी. निम्मीच."

"नाही."

"अगं, पोरीच्या नावानं."

"पोरीसाठीच नाही म्हणतेय."

"म्हणजे मी आता टोपणानं मोजूनच जगायचं?"

तिनं बाटली कपाटात ठेवून कुलूप घातलं. उस्ताद ताटावरून उठले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. सोमवारी कामापुरतं बोलले. मंगळवारी दुपारी दुकानात एका खुर्चीची पाठ शिवता शिवता ते कलंडले. शेजारच्या घड्याळजीनं रिक्षात घातलं, पण दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

भेटायला माणसं येत होती. उस्तादांची मोठी बहीणही आली. भरल्या खोलीत ती म्हणाली, "मी पहिल्यापासून सांगत होते, घरात बाटली नको. हिनं स्वतःच्या हातानं पाजली माझ्या भावाला."

बायकोनं पाजली हे खरंच होतं. पण तिच्या घशात अडकलं होतं ते न पाजलेलं.

गर्दी ओसरल्यावर ती डॉक्टरबाईंकडे गेली.

"त्या एका पेगनं गेले असं मला वाटत नाही," बाई म्हणाल्या. "पण त्यानं काहीच बिघडलं नाही असंही छातीठोकपणे सांगता येणार नाही. हृदय फार थकलं होतं त्यांचं."

"आणि त्या दिवशी अजून निम्मी दिली असती तर?"

"नाही म्हणालात ते बरोबर केलंत."

"ते मलाही कळतं, बाई. पण ते रुसून गेले हो."

डॉक्टरबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

तिथून ती दुकान आवरायला गेली, तर वन्सं आधीच येऊन भावाची हत्यारं पुसत बसलेल्या. दोघींनी मिळून कापडाच्या घड्या घातल्या. मग तिनंच तोंड उघडलं. रविवारचं सगळं सांगितलं. ग्लास, कुलूप, भिंतीकडे केलेलं तोंड.

वन्संचे हात थांबले.

"लहानपणी पण असाच होता," त्या म्हणाल्या. "दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही. तिसऱ्या दिवशी उठून आपणहून मागे मागे फिरायचा. मनवायला जावं लागायचं नाही त्याला कधी."

"म्हणजे बुधवारी बोलले असते?"

"बोलला असता गं."

तिनं हातातलं कापड तोंडावर धरलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. वन्संनी ना माफी मागितली, ना तिला जवळ घेतलं. रस्त्यावरची माणसं आत डोकावू लागली, तेव्हा त्या फक्त उठल्या आणि दुकानाचं शटर त्यांनी अर्ध्यावर ओढून घेतलं.