नापास पाणी

प्रयोगशाळेत तिला सगळे टेकडीबाई म्हणत. मशीनच्या पडद्यावर प्रथिनाची रेघ वर चढून खाली उतरली की ती मोठ्याने "आली बघा टेकडी!" म्हणायची, म्हणून हे नाव. बावीस वर्षं ती त्याच एका मशीनवर होती. लहान मुलांच्या दूध पावडरीचे नमुने पाण्यात विरघळवायचे, गाळायचे, बोटाएवढ्या बाटल्यांत भरायचे आणि ताटलीत ओळीने लावायचे. मशीन एकेका बाटलीतला थेंब उचलून पोलादी नळीत दामटतं. नळीतून जो तो घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो, प्रथिन सातव्या मिनिटाला. टेकडी जेवढी मोठी तेवढं प्रथिन जास्त. लिक्विड क्रोमॅटोग्राफी म्हणतात ती एवढीच, बाकी सगळा आव, असं तिचं मत होतं. पण त्या मशीनवर तिचा जीव होता. पंपाचा आवाज जरा बदलला तरी तिला जेवण जात नसे.

ओळीतली पहिली बाटली मात्र नुसत्या शुद्ध पाण्याची. पाण्यात काही नाही याची खात्री करायला ती ठेवायची, आणि चुकून काही सापडलंच तर तेवढं बाकीच्या नमुन्यांतून वजा करायचं.

नवा संगणक आला आणि या पाण्याचे दिवस फिरले. संगणक बसवणाऱ्याने, प्रथिन शंभरात अकरा ते साडेबारा भाग हवं ही पावडरीची अट ताटलीतल्या सगळ्याच बाटल्यांना लावली आणि तो निघून गेला. त्या सोमवारी पाण्यापुढे लाल अक्षरं उमटली. प्रथिन शून्य, नापास.

टेकडीबाई हसतहसतच साहेबांकडे गेली. साहेब हसले नाहीत.

"नापास म्हणजे नापास. चौकशी लावावी लागेल."

"अहो साहेब, पाणी आहे ते!"

"मग पाण्याची चौकशी लावू."

तिघांची समिती बसली. मशीन तपासलं, ठणठणीत. बाटली स्वच्छ. पद्धत बरोबर. पाणी तर इतकं शुद्ध की समितीने त्याचं लेखी कौतुक केलं. सगळं ठीक निघाल्यावर उरलं माणूस. म्हणून टेकडीबाईला 'पाणी कसे भरावे' या विषयाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. शेवटी परीक्षा झाली, तीत ती पहिली आली. परीक्षेला ती एकटीच होती.

पुढच्या सोमवारी पाणी पुन्हा नापास.

"संगणकातली अट तेवढी बदला ना," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

"बदलू की. नियम आहे तसा. सलग तीस दिवस सगळ्या बाटल्या पास झाल्या की अट बदलता येते."

"आणि पास होत नसतील तर?"

"तर अट बदलून कसं चालेल?" साहेबांनी विचारलं, आणि त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मग ते हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या नावावर दोन नापास शेरे झाले. तिसरा झाला की मशीन सोडून बाटल्या धुवायच्या खोलीत जावं लागेल. माझ्या हातात काही नाही. तुम्ही हुशार आहात, काय ते बघा."

काय बघायचं ते तिला कळलं. रविवारभर ती घरात भांडी आपटत होती. त्यात धाकटा भाऊ भेटायला आला. तो त्याच पावडरीच्या कारखान्यात मिश्रणावर होता, सहा वर्षं तात्पुरता. "ताई, उद्या माझा माल येतोय तुझ्याकडे," तो म्हणाला. "एवढा पास झाला की मी कायम. जरा डोळ्यांत तेल घालून बघ हं."

सोमवारी तिने आजूबाजूला पाहिलं, जीभ चावली आणि पहिल्या बाटलीच्या पाण्यात चिमूटभर पावडर विरघळवली. नमुन्यात घालतात तेवढीच, बावीस वर्षांच्या हाताने. सातव्या मिनिटाला टेकडी आली. ती ओरडली नाही. पडद्यावर हिरवं उमटलं. पाणी पास.

साहेब धावत आले, समिती आली, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्या चालू असतानाच संगणकाने पाण्यातलं प्रथिन शिस्तीत बाकीच्या बाटल्यांतून वजा केलं. एकामागून एक चोवीस बाटल्या लाल झाल्या. धाकट्याच्या पावडरीत प्रथिन उरलं शून्य पूर्णांक एक.

"साहेब, मी पाण्यात पावडर घातली," ती सरळ म्हणाली.

"ते मी ऐकलं नाही," साहेब म्हणाले. "पावडर नापास होणं हा कारखान्याचा दोष. तुमच्या नावावर काही नाही, बाई. तुम्ही सुटलात!"

"आणि माल बनवणारा?"

"त्याला काढतील. पावडरीत पावडरच नाही म्हटल्यावर ठेवतील कशाला?"

ती मशीनपाशी येऊन बसली. तिला स्वतःची शरम वाटली. एकदा सगळी ओळ नव्याने चालवायची मुभा प्रत्येकाला होती. मग आधीचे आकडे पार पुसले जात. तिने अर्ज लिहिला, कढत पाण्याने हात धुतले आणि पंचवीस बाटल्या पुन्हा भरल्या. पहिलीत नुसतं पाणी. भरताना तिचे डोळे भरून आले, तेव्हा तिने मान बाजूला वळवली, उगाच बाटलीत काही पडायला नको.

दुपारी चोवीस बाटल्या हिरव्या झाल्या आणि एक लाल. साहेबांनी कपाळाला हात लावला. कागदावर 'कारण' असा रकाना होता. तिथे तिने 'पाणी शुद्ध होते' असं लिहून सही केली, आणि मशीनवर कापड नीट पांघरलं.

संध्याकाळी धाकटा उड्या मारतच घरी आला. "ताई, कायम झालो! बारा निघालं माझं, पूर्ण बारा!" तिने त्याला जवळ घेतलं. मग तो जरा घुटमळला. "फाटकावर सगळे तुझ्याबद्दल बोलत होते. बाटल्या धुवायला टाकलं म्हणे तुला. खरं का?"

"खरं."

"अगं, पण साधं पाणी पास करता येईना तुला? बावीस वर्षं काय केलंस मग?"

तिला त्याचा राग आला, हसूही आलं. सांगावं असं फार वाटलं.

"नाही जमलं बाबा," ती म्हणाली. "तू बस. दमला असशील."