तिने ‘नको’ म्हटलं होतं

मी एक दुनळी बंदूक. सध्या मेलबर्नच्या एका पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत, गळ्यात कागदी चिठ्ठी अडकवलेल्या अवस्थेत पडून आहे. माझ्यासारख्या आणखी वीसेक जणी इथे आहेत. लवकरच आम्हाला वितळवणार म्हणतात. बंदुकीला एकच शब्द येतो आणि तोही कानठळ्या बसवणारा, अशी माणसांची समजूत असते. पण ऐकण्याचं काम मी जन्मभर केलं आहे, आणि एक गोष्ट अशी ऐकली आहे जी सांगितल्याशिवाय भट्टीत जावंसं वाटत नाही.

इटलीतल्या एका डोंगराळ गावात माझा जन्म झाला. एकावर एक अशा दोन लांब नळ्या, अक्रोडाचा दस्ता आणि बाजूच्या पत्र्यावर बारीक कोरलेली वेलबुट्टी. कारागिराने माझ्या नळ्यांची तोंडं मुद्दाम आवळून ठेवली होती, म्हणजे छर्रे न पसरता लांबपर्यंत एका झुबक्यात जावेत. मी शिकारीची बंदूक नव्हेच. मैदानावर यंत्र मातीच्या ताटल्या उडवतं, त्या दूरवर फोडायच्या, एवढ्यासाठी मला घडवलं होतं.

मेलबर्नजवळच्या बॅलरॅटचे एक दातांचे डॉक्टर माझे पहिले धनी. बावीस वर्षं त्यांनी माझ्याकडून ताटल्या फोडून घेतल्या आणि दर रविवारी तेल लावून मला पुसलं. त्या बावीस वर्षांत मी रक्त पाहिलं नाही. ते गेले आणि त्यांच्या बायकोने मला एका दुकानात नेऊन दिलं. तिथेच पद्माकरने मला पाहिलं.

साल दोन हजार आठ. मेलबर्नमध्ये तेव्हा जिकडे बघावं तिकडे आपल्याकडची शिकायला आलेली मुलं. कुणी अकाउंटिंग, कुणी केशभूषा, कुणी कुकरी. पद्माकर त्यांच्या दहा वर्षं आधी सांगलीहून असाच शिकायला आला होता. आता तो पर्मनंट रेसिडेंट होता, डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होता, आणि नव्या मुलांच्या दृष्टीने तर तो देवच होता. टॅक्स फाइल नंबरपासून सेकंडहँड गाडीपर्यंत सगळं त्याला विचारायचं. माणसाला असं कुणी विचारू लागलं की तो जरा ताठ चालायला लागतो. पद्माकरही चालायला लागला होता.

त्याचा फोरमन कॉलिन. साठीचा, कमी बोलणारा. त्याच्या भावाची पश्चिमेकडे गव्हाची शेती होती, आणि कापणी झाली की धसकटांत लावे पक्षी उतरायचे. तो एकदा म्हणाला, “एप्रिलमध्ये शिकारीचा सीझन उघडतो, mate. लायसन्स काढ, ये आमच्याबरोबर.” दहा वर्षांत पहिल्यांदा कुणी गोऱ्याने त्याला घरच्या माणसासारखं बोलावलं होतं. पद्माकरने कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं आणि दुकानात आला.

दुकानदारीण वेंडी म्हातारी होती, पण तिची जाण पक्की. तिने काउंटरवर एक जुनी, हलकी, आखूड दुनळी ठेवली. दस्त्यावर चरे पडलेले, रंग उडालेला.

“लाव्यासाठी हीच ने,” ती म्हणाली. “लावा पायाखालून उडतो. तुझ्यापासून वीस पावलांवर असतानाच बार काढायचा असतो. हिच्या नळीचं तोंड मोकळं आहे, छर्रे छान पसरतात. शिवाय हलकी आहे, खांद्याला चटकन येते आणि नको वाटलं तर चटकन खालीही येते.”

पद्माकरची नजर माझ्यावर होती. “आणि ही?”

“ही ताटल्यांची. जड आहे, एकदा फिरायला लागली की थांबत नाही. जवळचा पक्षी हिने मारलास तर खायला काही उरणार नाही. आणि निसटता लागला तर कुठेतरी गवतात तडफडत पडेल.”

सगळं अगदी खरं होतं. मला तोंड असतं तर मीही हेच सांगितलं असतं. पण पद्माकरला माझी वेलबुट्टी दिसत होती, आणि कॉलिनसमोर चरे पडलेली बंदूक काढायची त्याला लाज वाटत होती. त्याने मला घेतलं.

त्याच्या घरी गॅरेजमधल्या लोखंडी कपाटात माझी जागा होती. अर्धं गॅरेज त्याने स्वतःच प्लास्टरबोर्ड लावून वेगळं केलं होतं आणि त्यात मिताली राहायची. मिताली नाशिकची, तेवीस वर्षांची, कुकरी शिकणारी. त्या काळी पीआरच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याच्या, अर्जासाठी कुकरीवाल्यांना स्वयंपाकघरात नऊशे तास काम केल्याचं पत्र लागायचं. पद्माकरनेच शब्द टाकून तिला कॉलिनच्या बायकोच्या, जोनच्या, कॅफेत लावून दिलं होतं. त्या पातळ भिंतीतून मला तिचं फोनवरचं बोलणं ऐकू यायचं. “आई, सहाशे चाळीस झाले. जोन चांगली आहे गं. मला डार्ल म्हणते, डार्लिंगचं डार्ल.”

पद्माकरची बायको सरिता तिला डबा द्यायची. मिताली या दोघांना दादा आणि ताई म्हणायची.

एप्रिल उजाडला. मिताली म्हणाली, “दादा, मी येऊ? कॉलेजमध्ये लाव्याची रेसिपी शिकवली, पण लावा पाहिलाच नाही कधी.” पद्माकर खूश झाला. आपली ऐट बघायला आपलंच माणूस बरोबर असलेलं कुणाला नको असतं!

शेतावर पोचल्यावर कॉलिनने आधी आम्हाला टिली दाखवली. टिली म्हणजे त्याची कुत्री, तपकिरी ठिपक्यांची, सहा वर्षांची. ती वास काढत पुढे जायची आणि पक्षी सापडला की एक पाय उचलून पुतळ्यासारखी उभी राहायची. मग कॉलिन पद्माकरकडे वळला आणि कमी बोलणारा तो माणूस एका दमात इतकं बोलला.

“बसलेल्या पक्ष्यावर बार नाही. ओळख पटल्याशिवाय बार नाही, कारण लाव्यासारखे दिसणारे काही पक्षी मारायला बंदी आहे. पडलेला पक्षी सापडल्याशिवाय पुढे पाऊल नाही. संध्याकाळी खाऊ तेवढेच मारायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पक्ष्याच्या खाली आकाश दिसलं तरच घोडा ओढायचा. धसकट दिसत असेल तर बंदूक खाली, कारण तिथे टिली असते.”

“No worries,” पद्माकर म्हणाला.

दुपारपर्यंत कॉलिनचे चार लावे झाले. पद्माकरचे दोन नेम चुकले. मी जड पडत होते, त्याच्या खांद्याला उशिरा पोचत होते. तिसऱ्या वेळी माझा झुबका पक्ष्यावर सरळ बसला आणि हवेत फक्त पिसं उरली. मितालीने ते जे काही होतं ते हातात घेऊन पाहिलं. बिचारी सहज बोलून गेली, “दादा, याचं तर काहीच शिजवता येणार नाही.”

त्याच्या हाताची पकड माझ्या दस्त्यावर घट्ट झाली.

मग बांधाजवळ टिली थांबली. कॉलिन उजवीकडे, एका उंचवट्याआड होता. मिताली पद्माकरच्या मागे, डाव्या अंगाला. लावा उडाला तो वर गेलाच नाही, धसकटांच्या शेंड्यांवरून सरळ पळाला, आणि टिली त्याच्यामागे झेपावली. पद्माकरने मला उचललं.

“दादा, नको!” मिताली ओरडली.

मी सांगते ते नीट ऐका. आधी तिचं ओरडणं, मग एक श्वास, आणि मग घोडा. त्याने ते ऐकलं होतं. त्या एका श्वासात त्याचं बोट थांबलंही होतं. थांबलेलं बोट पुन्हा वळलं तेव्हा माझ्या नळीसमोर आकाश नव्हतं.

टिलीचा आवाज मी सांगणार नाही. मिताली धावली, आपली ओढणी तिने कुत्रीच्या तोंडावर दाबून धरली. कॉलिन उंचवटा ओलांडून आला.

“काय झालं?”

पद्माकरच्या तोंडून शब्द निघाले, आणि ते त्याने ठरवून काढले नसतील असं मी आजही मानते. “ती ओरडली. मी दचकलो.”

कॉलिनला ओरडणं ऐकू आलंच होतं. पण ‘नको’ म्हणजे काय, हे त्या शेतात तिघांनाच ठाऊक होतं. एक पद्माकर, एक मिताली आणि तिसरी मी.

मितालीने मान वर करून पद्माकरकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. तो माझी काडतुसं काढण्यात गुंतला.

परतीच्या वाटेवर गाडीत तो म्हणाला, “मी सांगीन त्याला. आत्ता तो अपसेट आहे. तू काळजी करू नकोस.”

“हो दादा,” ती म्हणाली. तिच्या ओढणीचं रक्त वाळून कडक झालं होतं.

टिली वाचली. एक डोळा गेला, आणि खांद्यातले काही छर्रे डॉक्टरांना काढता आले नाहीत. सोमवारी कारखान्यात पद्माकरने पुन्हा सॉरी म्हटलं, तेव्हा कॉलिन एवढंच म्हणाला, “No worries.” नंतर कधी त्याने शेतावर बोलावलं नाही. आणि जोनने मितालीला सांगितलं, “तुझं काम आपण थोडे दिवस थांबवू या, डार्ल.” तासांचं पत्र मागायला मिताली दोनदा गेली. दोन्ही वेळा जोन कामात होती.

प्लास्टरबोर्डच्या पलीकडे आता आईला फोन जात नव्हते. एकदा तिने पद्माकरला गॅरेजमध्येच गाठलं.

“दादा, सांगितलंत का तुम्ही?”

“योग्य वेळ बघतोय गं.”

“माझा व्हिसा संपत आलाय.”

“सांगतो म्हटलं ना!”

ज्यांच्या घरात राहतो, ज्यांच्या डब्यातलं खातो, त्यांना खोटं पाडायचं कसं, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. दोन आठवड्यांनी तिने बॅग भरली. ब्रिस्बेनला, स्प्रिंगफील्ड लेक्सला तिची एक मैत्रीण होती. व्हिसा टिकवायला तिने तिथे दुसऱ्या कोर्सला नाव घातलं आणि एका हॉटेलात शून्यापासून तास मोजायला सुरुवात केली. ते पुरे होत आले आणि पुढच्या वर्षी सरकारने पीआरसाठीच्या कामांची यादी बदलली. कुकरीच्या जोरावर पीआर मिळायचे दिवस संपले. जोनकडे तिचे नऊशे वेळेवर भरले असते, तर अर्ज आधीच गेला असता.

नाशिकला परतताना तिने एअरपोर्टवरून सरिताला फोन केला. रागाने नव्हे, निरोप घ्यायला. बोलता बोलता रडली, आणि तेव्हा सरिताला सगळं कळलं.

पद्माकर गॅरेजमध्ये गाडीचं काहीतरी करत होता. सरिता दारात उभी राहिली.

“तू कॉलिनला ‘नको’चा अर्थ काय सांगितलास?”

पाना त्याच्या हातातच राहिला.

“मी तिला वर्षभर विचारत होते, का गेलीस गं, आमचं काय चुकलं? म्हणायची, काही नाही ताई, इकडे जॉब चांगला आहे. तुला वाचवत होती ती, पद्माकर. तुझ्याहून दहा वर्षांनी लहान पोर.”

त्या शुक्रवारी शिफ्ट संपल्यावर त्याने मला पेटीत घालून गाडीत ठेवलं आणि कॉलिनच्या घरी गेला. बहुधा मला त्याच्या पायाशी ठेवावं आणि मोकळं व्हावं, असं त्याच्या मनात असावं. गाडीचं मागचं दार उघडलं तशी टिली कुतूहलाने जवळ आली. माझ्या तेलाचा वास तिला लागला मात्र, ती मागे सरली आणि अंग चोरून अंगणातल्या ट्रेलरखाली जाऊन बसली. तिथून तिचा एकच डोळा दिसत होता.

पद्माकरने सगळं सांगितलं. उभ्याउभ्याच.

“काय ओरडली होती ती?” कॉलिनने विचारलं.

“नको. म्हणजे, मारू नको.”

“आणि तू ऐकलंस.”

“ऐकलं.”

कॉलिनने वाकून ट्रेलरखाली टिलीकडे पाहिलं. मग म्हणाला, “कुत्रीचं मी समजू शकतो. शेतात होतं असं. पण माझ्या बायकोकडून त्या मुलीला तू काढायला लावलंस, आणि वर्षभर रोज माझ्यासमोर बसून डबा खाल्लास.”

पद्माकरने माझ्याकडे हात केला. “ही तू ठेव. मला नको.”

“मला ती घरात नको. मुलीचा पत्ता दे.”

या वेळी तो ‘नो वरीज’ म्हणाला नाही.

जोनने सहाशे चाळीस तासांचं पत्र लिहून नाशिकला पाठवलं. आता त्याचा उपयोग काहीच नव्हता. मितालीने तिला दोन ओळींचं उत्तर पाठवलं, आभार मानले आणि टिली कशी आहे ते विचारलं. जोनने ते सरिताकडे पाठवलं, आणि सरिताने ते गॅरेजमध्ये उभं राहून पद्माकरला वाचून दाखवलं. त्याने स्वतः मितालीला लिहिलेल्या तिन्ही मेलना मात्र उत्तर आलं नाही. तिने का द्यावं?

त्यानंतर त्याने प्लास्टरबोर्ड काढून टाकला. गॅरेज पुन्हा मोठं झालं. विद्यार्थी फोन करायचे, जागा आहे का विचारायचे. तो नाही म्हणायचा.

गेल्या आठवड्यात त्याने मला इथे आणलं. काउंटरवरच्या तरुण पोलिसाने मला उघडून पाहिलं, वेलबुट्टीवरून अंगठा फिरवला.

“इतकी सुंदर बंदूक देऊन टाकताय? हिच्यात काही बिघाड आहे का?”

“नाही,” पद्माकर म्हणाला. “हिच्यात काही बिघाड नाही.”

त्याने सही केली. जाताना माझ्या दस्त्यावर एकदा हात ठेवला आणि निघून गेला.

वाचकहो, मला दोष नाही असं तो म्हणाला खरा, पण छर्रे माझ्याच नळीतून गेले. टिलीच्या खांद्यात आजही माझे दाणे आहेत. तुमच्यापैकी कुणी कधी पक्ष्यामागे निघालात, तर बंदूक बघणाऱ्यांसाठी निवडू नका. हलकी घ्या, मोकळ्या तोंडाची घ्या, चरे पडलेली असली तरी घ्या. आणि मागून कुणी ‘नको’ म्हटलं, तर पक्षी गेला तरी चालेल, पण ते ऐका. नाहीच ऐकलंत, तर निदान त्याच दिवशी, त्याच शेतात, तिने काय म्हटलं होतं ते खरंखरं सांगा. दुसऱ्या दिवशी ते जड होतं, आणि वर्षभराने कुणाच्याच उपयोगाचं राहत नाही.