बगळ्याची मान

टॅब्लेटवरच्या पहिल्या ब्रशचं नाव मी ‘ताईसाठी’ ठेवलं होतं. पुढच्याचं ‘शेवटचा’, मग ‘खरंच शेवटचा’, आणि आज सकाळी जो केला त्याचं ‘घे बाई एकदाचा’. ताईने तोही दोन रेघा ओढून बाजूला सारला. नाही जमत, म्हणाली. काय जमत नाही ते मात्र सांगेना.

माझं डोकं फिरलं. तसं ते फिरायला वेळ लागत नाही. घरात मला हातोडी म्हणतात. शाळेत असताना माझ्या पेन्सिलीचं टोक एका ओळीपलीकडे टिकत नसे. हिला पेन्सिल नको, छिन्नी द्या, असं आई म्हणायची.

ताई मुलांच्या पुस्तकांसाठी शाईची चित्रं काढते. मनगटाचं ऑपरेशन झाल्यापासून तिला हात अधांतरी धरवत नाही, आणि शाईचा कुंचला तर तसाच चालवावा लागतो. टॅब्लेटवर निदान तळहात टेकता येतो. बगळ्याच्या पुस्तकाची शेवटची काही चित्रं राहिली होती. सोमवारपर्यंत आली नाहीत तर दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ, असं संपादकांनी फार गोड शब्दांत कळवलं होतं. ताईने तो निरोप मला वाचून दाखवला आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली. हे पुस्तक हातचं गेलं तर ती पुन्हा चित्राला हात लावणार नाही, हे मला तिने न सांगताच कळत होतं.

म्हणून मी कंबर कसली. ॲनिमेशनच्या स्टुडिओत मी ब्रशच बनवते. संगणकातला ब्रश म्हणजे एकच ठसा, इतका जवळजवळ उमटवायचा की त्याची रेघ दिसावी. ताईचा जुना कुंचला शाईत बुडवून मी ठसे घेतले, स्कॅन केले. तिच्या कागदाचा खरखरीतपणा आत घातला. शाई संपत आली की केस फाकतात आणि रेघेत पांढऱ्या चिरा पडतात, त्याही आणल्या. प्रत्येक ब्रशने मी स्वतः बगळ्याची मान ओढून बघितली. माझ्या हाताखाली ती खुद्द ताईची वाटावी अशी उतरत होती. मग नाचता येईना अंगण वाकडं, हे मनात आलंच. आणि मनात आलं ते तोंडातूनही गेलं.

ताईने पेन पुन्हा उचललं. एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदाच स्क्रीन सोडून तिच्या हाताकडे बघितलं. डाव्या हाताने तिने उजवं मनगट आवळून धरलं होतं आणि पेन दाबून दाबून बोटांची टोकं पांढरी पडली होती. स्क्रीनवर मात्र केसाएवढी फिकट रेघ होती.

“तुझा ब्रश ताकद मागतो,” ती म्हणाली. “कुंचला नुसता टेकला तरी वाकतो गं. ताकद असती तर मी शाईच घेतली नसती का?”

पेन किती दाबलं की रेघ किती जाड व्हावी, हे ब्रशमध्ये ठरवून द्यावं लागतं. ते मी ठरवलं होतं, माझ्या हाताच्या दाबावरून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी मोठी चूक आधी दिसली नाही म्हणून स्वतःचाच संतापही आला.

दुपारभर ती पेन टेकवत राहिली आणि मी दाब उतरवत राहिले. अजून कमी, अजून. मध्ये आमचं दोनदा वाजलं; एकदा तर तिने पेन आदळलं. मग चोचीपासून खांद्यापर्यंत मान एका रेघेत खाली आली, मध्ये भरली, शेवटी फाकली. ताईने मनगटावरचा डावा हात काढून घेतला. दुसरी मान तिने एका हाताने काढली.

बगळ्याला डोळा तेवढा राहिला होता. सवयीने मी पेन घेतलं आणि टेकवलं. बगळ्याचं अख्खं डोकं काळं झालं. पुसून पुन्हा अगदी अलगद टेकवलं, पुन्हा डाग.

“हातोडे, ठेव ते,” ताई म्हणाली. तिने माझा डाग पुसला आणि डोळा दिला.

इतका चांगला ब्रश मी आजवर केला नव्हता, आणि मला त्याने साधा ठिपका देता येत नव्हता. मी इतकी चिडले की ब्रशला नावही न देता उठले. ताईचं लक्षच नव्हतं. तिने पुढचा बगळा सुरू केला होता.